चकाकीखालची रेघ

बाबांनी रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म डबे रंगवले. रिटायर झाल्यावर भनपुरीतल्या एका शेडमध्ये ते किरकोळ रंगकामं घेऊ लागले. तलावावरच्या फायबरच्या बोटी त्यांच्याकडे तशाच आल्या. सुट्टीला मी मदतीला जायची.

त्या रविवारी शेवटची बोट पालथी घातलेली होती. उन्हानं खडूसारखा झालेला तिचा तळ बाबांनी तीन दिवस पॉलिश पेपरनं घासला होता, त्यावर चकाकी आणणारं कंपाउंड फिरवलं होतं. आता त्यात शेडचे पत्रे दिसत होते. मेणाचा हात तेवढा बाकी होता, आणि दुपारी तलावावरच्या बोटिंगचा मॅनेजर बोट न्यायला येणार होता.

फडकं मारताना मला एका जागी ओल दिसली. पुसली, तर पुन्हा आली. तिथं केसाएवढी रेघ होती.

"बाबा, इथून पाणी येऊन राहिलं."

"सकाळी धुतली ना. वाळंल."

मी नाण्यानं ठोकत गेले. सगळीकडे टणटण, रेघेपाशी भद्द. "आवाज बदलला, ऐका."

"काही नाही बदलला. माह्या कामात खोट काहून काढून राहिली तू?"

त्यांना तो फरक ऐकूच येत नव्हता. वर्कशॉपच्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्यासमोर मात्र कुणी तो विषय काढत नसे. मीही काढला नाही. त्यांचा तळहात रेघेशेजारी ठेवला आणि ठोकलं. मग हात दूर नेऊन ठोकलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच हात परत रेघेवर आणला.

त्यांनी ग्राइंडर लावला. तीन दिवसांची चकाकी धूळ होऊन उडाली. आतला फायबर काळा, ओला, पापुद्रे सुटलेला निघाला. मॅनेजर पोचला तेव्हा तळाला वीतभर खड्डा होता.

"अंकल, ये क्या किया? कल पब्लिक बैठेगी."

"नहीं बैठेगी. अंदर से सड़ी है."

"पुट्टी मार दीजिए ना. किसको दिखेगा?"

"मेरी बेटी को दिखा."

मॅनेजरचा आवाज चढला. गाडी उभी आहे, बोट अशीच उचलून नेतो, म्हणाला. बाबांनी त्याचा अंगठा धरून खड्ड्याच्या कडेवर दाबला. कड चुरून हातात आली. त्यानं हात झटकला. रिकामी गाडी परत गेली.

बोट आठवडाभर वाळवली, मग बाबांनी फायबरचे थर चढवून पुन्हा पहिल्यापासून घासली. पाण्यात सोडली तेव्हा आधी ते एकटेच बसले, चपला काठावर काढून. मी उभी राहून बघत होते. अर्ध्या तासानं उतरले, तेव्हा त्यांचे पाय कोरडे होते.