खाकरण्याचा नियम

कामठीला बहिणीकडे गेलेला दादा झोपेतच गेला, हा निरोप घेऊन भाऊजी आले तेव्हा माझी अर्धीच दाढी झाली होती. तेव्हापासून घरात सगळे हळू आवाजात बोलतात. मला मात्र राहून राहून आमच्या संडासाचं दार आठवतं. काय करू? हसू नका, ऐका तर!

माझ्या या थोरल्या भावाचं मन कधी आभाळात, कधी खोल विहिरीत. एका वाईट हिवाळ्यात तर तो खरोखरच विहिरीच्या काठावर सापडला. मग डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मी संडासाची कडी काढून टाकली. नियम केला : आत असेपर्यंत खाकरत राहायचं.

दादा बिचारा खाकरायचा. अर्धा अर्धा तास! सक्करदऱ्यातली आमची अख्खी गल्ली त्यावर घड्याळ लावायची.

एका सकाळी खाकरणं थांबलं.

"दादा?"

मी अंगणातूनच आवाज चढवला.

"दादा गा!"

छे! शेजारचे रामाजी कुंपणावरून ओरडले, "पाहून काय राहिला? ढकल ना दार!"

मी धावत जाऊन धडक मारली. आतून दाराला पाण्याची बादली लावलेली. बादली आडवी, तिच्यावर मी आडवा, माझ्यामागे रामाजी. आणि समोर दादा, लालबुंद, बसलेला.

"काहून आले बे तुम्ही?"

"तू खाकरला काहून नाही?"

"कुंथून राहिलो होतो! कुंथता कुंथता तू खाकरून दाखव मले!"

मग ओल्या फरशीवरच सगळं बाहेर आलं. म्हणजे, बोलणं. "या गोळ्यांनी पोटाचा दगड झाला गा. डॉक्टरले सांगाची लाज वाटते. उद्यापासून गोळ्याच बंद करणार होतो."

त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "या गोळ्यांनी असं होतंच. आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी पोटासाठी औषध दिलं. गोळ्या चालू राहिल्या, दादाही राहिला. पुढे कितीतरी वर्षं.

रामाजी कुंपणावरून विचारायचे, "दादा, मोकळं झालं का जी?"

"माह्यं झालं. याच्या मनातली भीती काही निघत नाही!"

खरंच होतं ते. नवी कडी दादानेच इतवारीच्या बाजारातून आणली होती. "लावून दे ना गा," म्हणायचा. मी म्हणायचो, येत्या रविवारी.

काल खणात सापडली, स्क्रूसकट. लावायची राहून गेली.