भोंगाताईंची बहीण

भोंगाताईंना माइक लागत नसे. नळ कोरडे पडले की त्या नगरपालिकेच्या जिन्यावरूनच सुरू होत आणि वरच्या मजल्यावरचा इंजिनियर हातातला चहा टाकून खाली येई. नगरसेविका म्हणून निवडून आल्या त्या याच आवाजावर.

पहिल्या निवडणुकीआधी पक्षाच्या चिटणिसाने विचारलं, घरातली ती शिंपीण कोण? ताईंनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, लोकांना मावसबहीण सांगा. आधी निवडून तर या, मग काय बोलायचं ते बोला. ताईंनी मान डोलावली. घोडं पेंड खातं ते इथेच. थाप अशी पचली की कपडे शिवायला टाकणारी प्रत्येक बाई शिंपिणीला 'ताईंची बहीण' म्हणू लागली.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ताईंनी भरसभेत सांगून टाकलं, की आपलं मन बायकांवर बसतं. दगड आले, घाणेरड्या चिठ्ठ्या आल्या, ताई हटल्या नाहीत. शिंपिणीबद्दल मात्र अवाक्षर नाही. तिच्या दुकानाच्या काचा फुटतील, अशी त्या स्वतःची समजूत घालत. खरं तर मतं फुटायचीही धास्ती होतीच. गल्ली हळहळली ती शिंपिणीसाठी: बहीण बिचारी गुणाची, असल्या बाईलाही सांभाळून घेते.

पुढे ताई आमदार झाल्या. कायद्यासाठी घसा कोरडा केला, नको त्यांचे पाय धरले आणि अखेर दोन बायकांना, दोन पुरुषांना लग्नाची मुभा मिळाली. चिटणिसाने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

ताई तडक घरी आल्या. म्हणाल्या, उद्या पहिली जोडी आपली.

शिंपीण काजं करत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"आख्ख्या गल्लीत मला बहीण करून ठेवलंस. आता बहिणीशीच लग्न लावलं म्हणतील."

"मी सांगते ना सगळ्यांना."

"तेव्हा सांगायचं होतंस. मी वाट बघत होते. आता या वयात मला कोणाची तोंडं बंद करायची नाहीत." तिने पुढचा सदरा ओढला.

ताईंनी बरीच विनवणी केली. शिंपिणीने सदऱ्याची सगळी काजं पुरी केली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत दोन तरुण मुलींचं लग्न लागलं. साक्षीदार म्हणून ताईंनी सही केली, टाळ्या झाल्या. एका पत्रकार मुलीने मायेने विचारलं, "आणि ताई, तुमच्या घरी कोण असतं?"

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"बहीण असते," त्या म्हणाल्या.