डब्याच्या पिशवीतली पट्टी

सूर्यकांत धामणस्करांना वस्तू वाकवून बघायची खोड. भेंडीची टोकं सगळेच मोडतात हो, पण हे गृहस्थ राजधानीतल्या द्वारकेच्या बाजारात चमचेही वाकवत, आणि दुकानदारानं डोळे वटारले की त्यांच्या बायको चंद्रप्रभाबाई अनोळखी असल्यासारख्या पुढे निघून जात. सूर्यकांतरावांचा तरी काय दोष? चौतीस वर्षं सरकारी तपासनीस म्हणून त्यांनी पोलादच वाकवलं होतं. लष्कराच्या ट्रकांचं, घडीच्या पुलांचं. फोडणीत हिंग पडावा तसं चिमूटभर नायोबियम नावाचा धातू पडलेलं. तेवढ्यानं पातळ पत्राही रणगाडा पेलतो. पण लाटताना तापमान चुकलं की हिंग फुकट. म्हणून पट्टी कापायची, वाकवून दुमडायची आणि तिच्या पाठीवर तडा शोधायचा.

शेवटची तपासणी गाझियाबादच्या एका कारखान्यात, निवृत्तीच्याच दिवशी. इतक्या वर्षांत एकदाही चुकीचा माल पास केला नव्हता. शेवटचा चुकला तर सगळ्यावर पाणी. आणि मॅनेजर अशोक सक्सेनांनी नेमका चाचणीच्याच वेळी सत्कार ठेवलेला! आदल्या दिवशी आमंत्रण हातात पडलं तेव्हाच सूर्यकांतराव मनात म्हणाले, अच्छा, असं आहे तर.

शाल झाली, नारळ झाला, पाऊण तास भाषण झालं. तोवर कारखान्याच्या माणसांनी पट्टी वाकवून तयार ठेवलेली, तडा नाही. त्यांनी चष्मा चढवला. चाचणीसाठी कापलेल्या पट्टीवर काल त्यांनीच शिक्का ठोकला होता, आणि त्यांच्या शिक्क्याची एक कड पाच वर्षांपूर्वीच उडालेली. इथे मात्र चारही कडा शाबूत.

त्यांनी डब्याची पिशवी उघडली. पोळीभाजीखालून दुसरी पट्टी निघाली, त्याच पत्र्याची, उडालेल्या कडेच्या शिक्क्याची. आमंत्रण आल्यावर कापून घेतलेली. खांद्यावरच्या शालीसकट सूर्यकांतरावांनी यंत्र सुरू केलं. पट्टी वाकत वाकत पूर्ण दुमडली. भिंग लावून पाहिलं, तर केसाएवढाही तडा नाही!

सक्सेना मटकन खुर्चीत बसले. असलं पोलाद पहिल्यांदाच केलं, भरवसा वाटेना, म्हणून बाहेरून आणलेली चांगली पट्टी ठेवली, असं पुटपुटले. सूर्यकांतरावांना हसूही आलं आणि रागही.

"पट्टी पास है, सक्सेनाजी," ते म्हणाले. "आप फेल."

मग नमुना बदलल्याची नोंद केली, सगळा माल पुन्हा तपासायचा शेरा मारला आणि शाल घडी घालून परत दिली. नारळ मात्र घेतला; कानाशी हलवून, पाणी आहे ना, हे बघून.