चन्नाबाईचा तबादला

माझी बायको चन्नाबाई आधी माझ्या दवाखान्यात आली आणि मग घरात. परंड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिनं पाय ठेवला, त्या दिवशी पहिलं काम केलं ते माझी कातर पळवायचं. मी तिथं ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. एकाचा पाय धुऊन ठेवला, कातरीला हात घातला तर कातर नाही. वस्तरा नाही. विहिरीवर पोहरा होता, त्याचा दोर नव्हता.

"बाई, माझी कातर?"

"कुलपात घातली."

"का?"

"खोलीत पेशंट हायत न्हवं?"

"अवो, एकाला हगवण लागलीय, एकाचा पाय सुजलाय. कुणाचा गळा कापणार हायत ते?"

"हगवणीचा माणूस चिडत न्हाय व्हय?" असं म्हणून तिनं किल्ली कमरेला खोवली. त्या दिवशी पट्टी मी दातानं फाडली.

ती लोहाऱ्याकडची. घरात कानडी, दारात मराठी. लहानपणीच नवरा मेला. मग हैदराबादकडं वेड्यांच्या दवाखान्यात कामाला लागली आणि तिथंच नर्सचं काम शिकली. बारा वर्षं तिथं काढली. निजामाचं राज्य होतं, तबादल्याच्या दरख्वास्ती, म्हणजे बदलीचे अर्ज, देऊन देऊन ती थकली. शेवटी आमच्या डॉक्टरसाहेबांना बाई नर्स पाहिजे होती, कारण गावच्या बाया पुरुषाला जीभसुद्धा दाखवत नसत, म्हणून हिला पाठवलं. साहेब हैदराबादचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीन महिने देखूंगा, बाई. नै जमा तो वापस."

वापस म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. सुया उकळायला ठेवल्या की आम्ही चुलीशी बसायचो. तिथं मी विचारलं, "तिथला पगार बरा, राहायला खोली. मग इथं धुळीत कशाला आलात?"

"तिथलं दार नुसतं आत उघडतंय," ती म्हणाली. "आलेली माणसं लई आठवतात. घरी गेलेली हाताच्या बोटावर. नातेवाईक आधी महिन्याला येतात, मग सणाला, मग येतच न्हाईत. मला माणूस बरा होऊन आपल्या पायानं घरी जाताना बघायचाय. पोटभर बघायचाय."

एवढंच तिचं मागणं होतं. पण बारा वर्षांच्या खोडी जातात कुठं! ती भिंतीला पाठ लावूनच चालायची. पट्टी बांधायची ती अशी, की जणू पेशंटचे हात बांधून ठेवायचेत. मी म्हणायचो, "बाई, ही जखम पळून जाणार न्हाय. जरा सैल बांधा." ती हसायची, सोडायची, पुन्हा बांधायची. पण एक गोष्ट तिला येत होती, ती आमच्यात कुणालाच येत नव्हती. तापात बरळणाऱ्या माणसाला आम्ही धरायचो, दटावायचो. ती त्याच्या बोलण्यात शिरायची.

दोन महिने झाले असतील. एका वाडीवरून दगडू नावाचा तरणा गडी आला. मुदतीचा ताप, बरेच दिवस झालेले. घरच्यांनी गाडीत दाव्यानं बांधूनच आणला होता. बरोबर म्हातारी आई. दगडू सारखा उठायचा, "बैल सुटलेत, बैल सुटलेत" म्हणून ओरडायचा. साहेब दौऱ्यावर होते. चन्नाबाईनं आधी दावं सोडायला लावलं. मग त्याच्याजवळ बसली.

"कुठला बैल सुटलाय?"

"पवळ्या."

"त्यो बघ, धरला. बांधला दावणीला. दुसरा?"

"सर्ज्या... सर्ज्या मारतोय."

"मारू दे. म्या बघते त्याच्याकडं. हा बांधला. आता तू पड."

दगडू पडला. सकाळचे दहा वाजले असतील. थोड्या वेळानं तिनं थर्मामीटर लावलं, ताप भराभर उतरलेला. ती माझ्याकडं आली. तोंडावर असा आनंद मी तोवर पाहिला नव्हता. "हात न लावता निजवला, बघा." मीही म्हणालो, "जमलं, बाई, तुम्हाला." ती दुसऱ्या पेशंटकडं गेली. दगडू गप पडून राहिला.

दुपारी साहेब आले. त्यांनी दगडूच्या पोटावर हात ठेवला आणि तिथंच ठेवून विचारलं, "ये कब से चुप है?"

"सकाळपासून," ती म्हणाली.

पोट फळीसारखं कडक होतं. हातपाय गार, अंगाला चिकट घाम, नाडी लागेना. मुदतीच्या तापात कधी कधी फुटतं, तसं आतडं फुटलं होतं. दिवस मावळायच्या आत दगडू गेला. साहेब रागावले नाहीत. सकाळी कळलं असतं तरी वाचला नसता, असं म्हणाले. तिला ते पटलं नाही. "तिथं माणूस गप झाला की आमचं काम झालं," ती मला म्हणाली. "बारा वर्षं मी त्याचीच वाट बघितली. इथं गप झाला, की तिथनं काम सुरू व्हतंय. ह्ये मला कुणी सांगितलं न्हाय, आणि मीबी इचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक भरली. दरख्वास्त उर्दूत लिहावी लागायची आणि मी उर्दूची चार बुकं शिकलेला. म्हणून मलाच म्हणाली, "वापस जायची दरख्वास्त लिहून द्या." मी सांगितलं, शाई संपलीय. तिसऱ्या दिवशीही सांगितलं, शाई आणली नाही. शाई भरपूर होती. मला ती जायला नको होती. नुसतं दवाखान्यासाठी म्हणालो तर ते खोटं होईल.

चौथ्या दिवशी दगडूची आई आली. मुलाची घोंगडी राहिली होती, ती न्यायला. चन्नाबाई तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माय, माझी चूक झाली. त्यो गप झाला तवा म्या त्याचं पोट बघाया पाहिजे हुतं."

म्हातारीनं घोंगडीची घडी घातली. "मला त्यातलं काय कळतंय बाई? घरी चौघांनी धरला हुता, दाव्यानं बांधला हुता, तवा रडत हुता. तुमच्यापाशी रडला न्हाय."

"पण चुकलं माझं."

"चुकलं तर फुडच्याचं पोट बघा," म्हातारी म्हणाली आणि निघाली.

चन्नाबाईनं ट्रंक उघडली. मला दरख्वास्तीचं पुन्हा विचारलं नाही. मला म्हणायची, "शिव्या दिल्या असत्या तर मी गेले असते. काम लावून गेली म्हातारी."

तेव्हापासून ती आल्या आल्या ओरडणाऱ्याकडं बघायचीही नाही. जो भिंतीकडं तोंड करून पडलाय, त्याच्याकडं आधी जायची. "वरडणाऱ्याचा जीव दमदार असतो. ऱ्हाऊ द्या त्याला घडीभर." सरू नावाची एक बाई होती, फुफ्फुसाला सूज आलेली. भर दुपारी ती शांत झाली. नवरा म्हणाला, "निजलीय, निजू द्या." चन्नाबाईनं तिची नखं बघितली, निळी पडत होती. साहेबांना जेवणावरून उठवून आणलं. सरू वाचली. पंधरा-वीस दिवसांनी नवरा गाडी घेऊन आला, तर चन्नाबाई सरूला गाडीत बसू देईना.

"येशीपतुर चाल."

"अवो बाई, गाडी आणलीय की!" नवरा वैतागला.

"गाडी फुडं घ्या. मला बघायचंय."

सरू हळूहळू वेशीपर्यंत चालत गेली. चन्नाबाई उन्हात, डोक्यावर पदर न घेता उभी होती. गाडी दिसेनाशी झाली तरी उभी होती. मी म्हणालो, "चला बाई, गेली ती." तर म्हणाली, "गेली. खरंच गेली की वो."

तीन महिने भरले. साहेबांनी वापसचं नाव काढलं नाही. वर्षभरानं आमचा पाट लागला. आमच्यात विधवेचा लागतो. लोकांनी नाकं मुरडली, पण थोडीच. रझाकारांचे दिवस आले, पोलीस ॲक्शन झाली, साहेब हैदराबादला निघून गेले. ती म्हातारी होईतो नर्सच राहिली. आम्हाला मूलबाळ झालं नाही.

यंदा ती आजारी पडली. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात ठेवली. एक दिवस तिथले डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. मी तिच्या चपला पुसून खाटेखाली लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत घालून आणल्या.

दुखवट्याला बसायला आलेली माणसं म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या." हा शब्द तिला खपत नसे. वेड्यांच्या दवाखान्यात कुणी मेलं की सगळे सुटला म्हणत आणि ती भांडायची, "सुटतो त्यो आपल्या पायानं जातो. मेला त्याला मेला म्हणा."

मी त्यांना म्हणालो, "सुटली न्हाय. मेली."

माणसं एकमेकांकडं बघत उठली. त्यानंतर बसायला फारसं कुणी आलं नाही.