निघालेल्या माणसाला विचारू नये

चेन्नईच्या विमानतळाजवळ, पल्लावरमच्या गल्लीतल्या बायकांना अंबुजाच्या नोकरीचं भारी कौतुक. विमान कंपनीच्या लाउंजमध्ये कामाला म्हणजे काय चेष्टा आहे? "आत असतं तरी काय गं?" असं भाजीच्या गाडीवर कुणी ना कुणी विचारायचंच. मग अंबुजा सांगायची. काचेचं दार असतं, ते आपोआप उघडतं. आत गारवा, मऊ सोफे. इडली-पोंगलपासून केकपर्यंत सगळं मांडून ठेवलेलं, आणि कितीही खाल्लं तरी कुणी हटकत नाही. अंघोळीचीसुद्धा सोय असते. बायकांचे डोळे विस्फारायचे. "आणि माणसं कशी असतात?" "कंटाळलेली," एवढं म्हणून अंबुजा कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायची आणि घराकडे वळायची.

एक गोष्ट तेवढी ती सांगायची नाही, कारण ती सांगण्याजोगी आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्या लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नसे. बाहेर कान किटतील इतका कलकलाट. पण आतल्या बड्या तिकिटवाल्यांना शांतता हवी, म्हणून स्पीकर बंद. भिंतीवर एक स्क्रीन, त्यावर विमानं वर सरकत राहतात. ज्याचं त्यानं बघावं, ज्याचं त्यानं उठावं. रोज उडणाऱ्यांना हे पाठ असतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला कसं कळावं, हे मात्र हा नियम करणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

अंबुजा तंजावरकडच्या मराठी घरातली. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, पण चुलीपाशी बोलायची भाषा मराठीच राहिली. जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली, मधे मधे तमिळ शब्द पेरलेली. पुण्या-मुंबईची आयटीतली पोरं ती ऐकली की गालात हसायची. हसू देत! अंबुजाला मराठी कानावर पडल्याचाच आनंद एवढा व्हायचा, की हसण्याचा राग यायला जागाच उरायची नाही.

तिचा नवरा शेषाद्री अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. एका सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. स्कूटर सुरू झाली तशी अंबुजानं स्वयंपाकघरातूनच हाक दिली, "कोठें निघालां हो इतक्या लौकर?" तो नुसता हसला, "येतों" म्हणाला आणि गेला. वाटेत लॉरीनं उडवलं. जागच्या जागी संपला.

निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, हे आपल्याकडेही म्हणतात आणि तमिळ घरांतही म्हणतात. म्हणतात, आणि विसरतात. अंबुजाची सासू विसरली नाही. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पाठीमागून कोठें म्हणून विचारलीस. आतां बस रडत." जिभेला हाड नसतं हेच खरं. म्हातारीनंही पोटचा पोर गमावला होता, तिचंही काळीज फाटलं होतं, पण म्हणून असं बोलावं? गंमत अशी की त्या दिवसापासून अंबुजा रडलीच नाही. तिला वाटलं, आपणच घालवला, आता आपण कुठल्या तोंडानं रडायचं? तिनं कानाला खडा लावला: पुन्हा कुणालाही हा प्रश्न करायचा नाही.

आणि दैव बघा, पुढे नोकरी मिळाली ती विमानतळावर, जिथे येणारा प्रत्येक जण कुठेतरी निघालेला! पण लाउंजमध्ये तिचं हे न विचारणंच गुण ठरलं. प्रवाशाला खाजगी काही विचारायचं नाही, अशी तिथली शिस्तच होती. मॅनेजर मुरली नव्या पोरींना सांगायचा, "अंबुजा अम्मांकडून शिका. काय हवं ते बघतात, पण नसती चौकशी नाही." अंबुजा मान खाली घालून कप पुसत राहायची.

त्या दिवशी सकाळी कमलिनीबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवार नाही पण नीट चापूनचोपून नेसलेली सुती साडी, हातात एक बॅग. त्या का निघाल्या होत्या हे अंबुजाला ठाऊक नव्हतं, पण आपल्याला ठाऊक असलेलं बरं. त्यांची धाकटी बहीण सुनीती पुण्याच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. "ताई आली का?" एवढंच विचारत होती. भाचा आशिषचा आदल्या रात्री फोन आला होता, "मावशी, तुझ्यासाठीच जीव धरून आहे ती." कमलिनीबाई वेलचेरीला मुलापाशी, मंदारपाशी राहायच्या. मंदार ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात होता. सकाळच्या विमानात एकच महागाची जागा उरली होती, ती त्यानं आईला काढून दिली. आजची शिफ्ट आटपून आणि उद्याची दुसऱ्याच्या गळ्यात घालून तो संध्याकाळी मागोमाग निघणार होता. "आई, आत लाउंजमध्ये आरामात बस," एवढं सांगून तो कारखान्याकडे पळाला. स्क्रीन बघत राहा, हे सांगायचं बिचाऱ्याच्या ध्यानातच राहिलं नाही. त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं ना!

काउंटरवरच्या श्रीरंजनीनं तिचं काम चोख केलं. इथे घोषणा होत नाहीत, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. कमलिनीबाई म्हणाल्या, "येस, येस." चेन्नईत आल्यापासून त्यांना ती सवयच लागली होती. दुकानात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या वॉचमनपाशी, जे कळलं नाही त्याला येस येस. आजवर त्यानं काही बिघडलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं आणि अंबुजाचे कान टवकारले. ती लगबगीनं पुढे झाली. "अक्का, कॉफी आणूं का?"

"अगबाई, तुम्ही मराठी?"

"आम्ही तंजावरकडले. जुने मराठे आम्ही, पण भाषा सोडली नाहीं."

"किती गोड बोलता हो," कमलिनीबाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. अंबुजाला दिसलं ते. हातातल्या रुमालाचा पीळ दिसला, ओठ सुकलेले दिसले. काहीतरी मोठं आहे, हे न कळायला ती काय आंधळी होती? प्रश्न अगदी जिभेवर आला. तिनं जीभ चावली आणि त्याऐवजी दहीभात आणला.

"नको हो. घशाखाली नाही उतरायचा."

"दोन घांस तरी घ्या. उपाशी निघूं नये."

कमलिनीबाईंनी घास घेतला. "माझी धाकटी बहीण..." त्या म्हणाल्या, "दहीभातावर लोणच्याचा खार ओतून घ्यायची. आई ओरडायची..." आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. दुसरी कुणी बाई असती तर तिथल्या तिथे विचारती, काय झालं हो बहिणीला, तिच्याकडेच निघालात का? अंबुजानं घाईघाईनं विषय बदलला. "आमच्या घरीं लोणच्यांत आलें घालितात," म्हणाली. मग लोणच्यावरून मसाल्यांवर, मसाल्यांवरून मुलांवर गप्पा गेल्या. कमलिनीबाईंना घटकाभर बरं वाटलं. अंबुजाचा तर जीव सुपाएवढा झाला. पलीकडे लोक उठत होते, जात होते, नवे येत होते. कमलिनीबाई निश्चिंत होत्या. एसटी स्टँडवर गाडी लागली की कंट्रोलर गळा फाडून ओरडतो. एवढ्या मोठ्या विमानतळावर हाक मारल्याशिवाय राहतील का?

शेवटी त्यांनीच विचारलं, "अहो, पुण्याच्या विमानाची हाक कधी येईल?"

अंबुजाच्या हातातली बशी तशीच राहिली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. पुण्याच्या विमानाचं दार बंद झालं होतं.

ती धावली. आयुष्यात पहिल्यांदा त्या गालिच्यावरून ती धावली. श्रीरंजनीनं गेटवर फोन लावला. तिकडचं उत्तर आलं: नाव गेटवर पुकारलं, पुन्हा पुन्हा पुकारलं, तिकिटावरच्या नंबरावर फोनही केला. तो नंबर मंदारचा, आणि मंदारचा फोन कारखान्याच्या फाटकावर लॉकरमध्ये. आत न्यायची बंदी. अंबुजानं मुरलीपुढे हात जोडले. तमिळमध्ये रडकुंडीला येऊन म्हणाली, "सार, म्हातारं माणूस आहे, काहीतरी करा." मुरलीनं खरंच खूप फोन केले. पण विमान हललं होतं. हललेलं विमान कुणासाठी थांबतं?

"आता कसं हो?" कमलिनीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "माझी सुनीती चालली आहे हो. माझी वाट बघतेय ती."

अंबुजा तिथेच सोफ्याच्या कडेला टेकली.

मुरलीनं दुपारच्या विमानात जागा करून दिली. आता दोघी स्क्रीनसमोरच बसल्या. ते विमान लागायच्या थोडं आधी कमलिनीबाईंचा फोन वाजला. आशिष होता. "मावशी, कुठवर आलीस?" त्यानं विचारलं आणि त्याला हुंदका फुटला. "आई गेली गं. दाराकडे बघत होती..."

कमलिनीबाई ओरडल्या नाहीत. फोन मांडीवर ठेवून म्हणाल्या, "अंघोळ करायला हवी."

तेवढं अंबुजाला कळत होतं. माणूस गेल्याचं कानावर आलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. तिनं त्यांना दंडाला धरून आतल्या अंघोळीच्या खोलीत नेलं. संगमरवरी फरशी, पांढरे टॉवेल, सुवासिक साबण. लांबच्या प्रवासाहून आलेल्या साहेब लोकांसाठी केलेली सोय ती. नळ कुठला फिरवायचा हे कमलिनीबाईंना कळेना. अंबुजानं त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी कोमट केलं आणि हातातला शॉवर त्यांच्या पांढऱ्या केसांवर धरला. तिचा युनिफॉर्म भिजला. भिजू दे.

"अक्का, मी विचारायला पाहिजे होतें," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर आलें होतें. मी विचारलें नाहीं."

"मी तरी कुठे सांगितलं?" कमलिनीबाई म्हणाल्या. "तोंडातून काढलं तर खरं होईल, म्हणून गप्प बसले."

मग अंबुजानं सांगितलं. शेषाद्रीची स्कूटर, आपली हाक, सासूचे शब्द, सगळं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या पाण्याच्या आवाजात सांगून टाकलं. कमलिनीबाईंनी डोळ्यांवरचे ओले केस बाजूला केले आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"इतकी वर्षं हे उरावर घेऊन बसलीस? अगं वेडे, तू घरात काय म्हणालीस ते त्या लॉरीवाल्याला ऐकू गेलं होतं का? शब्दानं कुणी मरत नाही गं."

त्यांनी ते मायेनंच म्हटलं. स्वतःची बहीण गेलेली असताना परक्या बाईसाठी म्हटलं. आणि अंबुजाच्या घशात इतकी वर्षं अडकून राहिलेलं रडं त्या एका वाक्यानं मोकळं झालं. ती शेषाद्रीसाठी रडली, ओक्साबोक्शी रडली. कमलिनीबाईंनी ओल्या हातानं तिचं डोकं जवळ घेतलं.

पण रडता रडताच तिच्या मनात लख्ख झालं. शब्दानं कुणी मरत नाही, हे खरं असेल, तर आज सकाळी तिनं विचारलं असतं म्हणून काहीही वाईट झालं नसतं. कुठे निघालात, एवढंच. आणि सुनीतीला तिची ताई भेटली असती.

कमलिनीबाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्या अजून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, उगी उगी म्हणत होत्या. अंबुजाला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.