डोंगरावरच्या शेवयांची आमटी

कडक भाकऱ्यांची पिशवी मी मोठ्या बॅगेत घातली, आणि ती बॅग डोंगराच्या पलीकडे पाठवून दिली.

जपानमध्ये तशी सोय आहे. डोंगराच्या अलीकडच्या स्टेशनवर सकाळी सामान द्यायचं, आपण मोकळ्या हातांनी केबल कार, मग बस, मग पुन्हा केबल कार असं करत डोंगर ओलांडायचा, आणि संध्याकाळी पलीकडच्या हॉटेलात सामान आपल्याआधी पोचलेलं असतं. मी वीस वर्षं दुबईत लॉजिस्टिक्समध्ये आहे. कुठला माल कुठे आणि कधी पोचला पाहिजे, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे तो फॉर्म मी अशा रुबाबात भरला की काउंटरवरच्या बाईने तीनदा मान लववली. मीही तीनदा लववली. मग "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना केबल कारकडे हाकललं. वर, जवळजवळ अडीच हजार मीटरवर, बसमधून उतरल्यावर बायको म्हणाली, "पिशवी द्या."

मी म्हणालो, "कुठली?"

ती माझ्याकडे कशी बघत राहिली ते लिहीत नाही. लग्नाला बावीस वर्षं झालेल्यांना ते लिहून दाखवावं लागत नाही.

पिशवीत आईचं जेवण होतं. सोलापूरहून आणलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, आणि बायकोने पहाटे हॉटेलच्या खोलीतल्या किटलीत पाणी उकळून थर्मासमध्ये केलेला भात. ही तिघंही त्या क्षणी कुठल्या तरी ट्रकमधून डोंगराला वळसा घालून चालली होती.

आदल्या वर्षी वडील गेले. सोलापूरच्या घरात आई एकटी राहिली, म्हणून मी तिचा व्हिसा करून तिला दुबईत, अल बर्शाला, आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणलं. आम्ही लिंगायत. मी, बायको, मुलगी, आम्ही दुबईत राहून बरेच सैल झालो आहोत. कुठे कुठे ते आईला ठाऊक नाही आणि इथे सांगायचं कारण नाही. आई मात्र आहे तशी आहे. गळ्यात इष्टलिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही, आणि उभ्या जन्मात मासमच्छी सोडाच, ते शिजतं त्या घरचा चहासुद्धा नाही.

आणि वडील गेल्यापासून तिचं जेवण सुटलं होतं. रुसून नव्हे. ताटावर बसायची, दोन घास खायची आणि "पुरे" म्हणायची. कपाटातली तिची पोलकी आता तिला दोन बोटं सैल होत होती. बायकोने रोज काही तरी वेगळं करावं, आईने त्याची स्तुती करावी, आणि ताट तसंच आत जावं. घराजवळच्या क्लिनिकमधला मलबारी डॉक्टर माझ्यावर ओरडला होता. "रिपोर्ट में कुछ नहीं है. माताजी खाती नहीं, बस. आप लोग खिलाओ." खिलाओ म्हणायला काय जातं! पण त्याचं खरं होतं. आईने खावं, एवढीच त्या वर्षी आमच्या घरात गोष्ट होती. जपानची ट्रिप मुलीची दहावी झाली म्हणून आधीच ठरलेली होती. आईला एकटीला मागे ठेवता येईना, म्हणून तिलाही घेतलं. शिवाय जुलैतल्या दुबईतून निघून थंडीत गेल्यावर कोणालाही भूक लागते, असा माझा हिशेब होता.

थंडी होती. दुसरं काही नव्हतं. ज्या शिखरांचे फोटो दाखवून मी ट्रिप विकली होती ती धुक्यात होती. मळक्या बर्फाचे चार तुकडे दिसत होते, त्यांच्यापुढे पांढरा पडदा. आई चपलेत मोजे घालून, शालीवर माझं जॅकेट घालून स्टेशनच्या इमारतीत एका बाकावर बसली होती. बारा वाजून गेले होते. सकाळी हॉटेलात पूजा झाल्यावर तिने खोलीतल्या किटलीतला फक्त अर्धा कप काळा चहा घेतला होता. तिचे ओठ मला निळसर दिसले.

"आई, श्वास लागतोय का?"

"नाही रे. जरा डोकं हलकं झालंय. तुम्ही खाऊन घ्या की."

आमच्या दुबईतल्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं पुढच्या सुट्टीत तिकडेच निघाली आहेत. लिफ्टमध्ये भेटले की मला विचारतात, वर जेवायचं कुठे? मी जाणकार माणसासारखं सांगतो. वरच्या मजल्यावर रेस्टॉरंट आहे, तिथे टेबल-खुर्च्या आहेत आणि दारात पाऊण तासाची रांग आहे; त्यात डाळ-भाताशी नातं सांगणारी एकच गोष्ट, करी-राइस, आणि त्यात मांस. खालच्या मजल्यावर उभ्याने खायचं शेवयांचं दुकान. मशिनमध्ये पैसे टाकायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी द्यायची, दोन मिनिटांत वाफाळती वाटी. पंचवीस दिराम. म्हणजे सहाशे रुपये, हे आम्ही सगळेच पुढे मोठ्याने म्हणतो. गोड खाणाऱ्यांसाठी लाल शेंगांच्या सारणाचे वाफवलेले लाडू. एवढं सांगेपर्यंत त्यांचा मजला येतो.

लाडू मी आधी आणला होता. आईने चिमूटभर खाऊन नातीच्या हातात दिला. वरच्या रांगेत बायको उभी होती, नुसता भात तरी मिळतो का ते विचारायला. मी मुलीला घेऊन खाली गेलो. शेवया गव्हाच्या आणि काळ्या कुट्टूच्या पिठाच्या, वर कांद्याची पात आणि रानातल्या कसल्या तरी कोवळ्या देठांची भाजी. डोळ्यांना सगळं निर्दोष. मुलीने फोनवर जपानीत वाक्य करून काउंटरमागच्या बाईला दाखवलं: ह्यात मासे आहेत का? बाईने वाचलं, आमच्याकडे बघितलं, वाटीतल्या पाण्याकडे बोट केलं आणि खूप दिलगीर चेहऱ्याने दोन्ही हातांची छातीपुढे फुली केली. मग फोनवर स्वतःच काही तरी लिहिलं. सुक्या माशाचा अर्क. सगळ्या वाट्यांत. पाणी तेच.

मी बटण दाबलं.

"बाबा, शी सेड इट हॅज फिश."

"ऐकलं मी."

"सो हू इज इट फॉर?"

मी तिला म्हणालो, "आजीला काही बोलायचं नाही." असं बोलताना माझा आवाज ऑफिसमध्ये ड्रायव्हरला 'कस्टम्सला काही बोलू नको' म्हणतो तसा लागला. पोरीने फोन खिशात घातला आणि माझ्यापासून दोन पावलं लांब चालायला लागली.

वाटी आईपुढे धरली. तिने वास घेतला. वाटलं, संपलं. ती म्हणाली, "विचारलास काय रे?"

"विचारून आणलंय, आई. सगळं भाजीपाल्याचं."

विचारलं होतं, हे खरंच होतं. उत्तर तेवढं गाळलं.

आईने गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले, मग वाटी दोन्ही हातांत घेऊन एक घोट प्याली. थांबली. दुसरा घोट. काड्यांनी खायला येईना म्हणून मी चमचा मागून आणला, तोवर तिने बोटांनी शेवया उचलून खायला सुरुवात केली होती. मी बघत राहिलो. वर्षभरात मी तिला असं खाताना बघितलं नव्हतं. ती वाटीत वाकून खात होती, मधे थांबून नाक पुसत होती, पुन्हा खात होती. शेवटी तिने वाटी उचलून तळ पिऊन टाकला. ओठांना रंग आला.

"ह्यांना आवडलं असतं बघ," ती म्हणाली.

वडील गेल्यापासून तिने त्यांचा उल्लेख केला तो हा पहिला. तेवढ्यात बायको वरून साध्या भाताचा एक द्रोण मिळवून धावत खाली आली. चाळीस मिनिटं उभी राहून, खाणाखुणा करून मिळवलेला भात. वाटी रिकामी बघून तिला इतका आनंद झाला की तिने तो भात मला दिला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार होतो?

दुबईला परतल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा तेच. ताट, दोन घास, पुरे. मग एक दिवस आई आपण होऊन स्वयंपाकघरात गेली आणि बायकोला म्हणाली, "अगं, ती डोंगरावरची शेवयांची आमटी जमेल काय तुला?"

वर्षभरात सासूने काही मागितलं नव्हतं. बायकोला जणू बक्षीस लागलं. तिने मॉलच्या सुपरमार्केटमधून कुट्टूच्या शेवया आणल्या, सोया सॉस आणला, सुकी अळंबी आणली, समुद्रातलं कसलं तरी काळं पान आणलं. आईने अर्धी वाटी खाल्ली. "चांगली झालीय. पण ती नाही." पुढच्या वेळी आलं घातलं, मग मेथीदाणा भाजून घातला, मग चिंच. प्रत्येक वेळी आई उत्साहाने बसायची, पहिला घोट घ्यायची आणि चेहरा विझायचा.

"अहो, तुम्ही विचारलं होतंत ना तिथे? काय होतं त्यात?"

"उंचीवर चव बदलते," मी म्हणालो. "विमानात नाही का टोमॅटो ज्यूस चांगला लागतो."

मुलगी टेबलावरून उठून गेली.

त्याच सुपरमार्केटात, त्याच जपानी फळीवर, वरून दुसऱ्या खणात ते पाकीट होतं. सुकवलेल्या माशाचे काप, सुताराच्या रंध्यातून निघतात तसे पातळ, गुलाबी. मी ते घेतलं. घरी न्यायची हिंमत होईना, म्हणून गाडीच्या खणात ठेवलं. ऑगस्टचा महिना, उघड्यावरचं पार्किंग. तिसऱ्या दिवशी बायको गाडीत बसली आणि म्हणाली, "काही मेलंय का ह्यात?"

मग तिला सगळं सांगितलं. शेख झायेद रोडवर, बाहेर पडायचा रस्ता चुकवून, पुढच्या वळणापर्यंत. घराखाली गाडी लावल्यावर ती पाकीट घेऊन कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून आली, आणि इंजिन बंद व्हायच्या आधी म्हणाली, "आईंना सांगू नका."

पाकीट टाकायची तिला घाई झाली, असं त्या क्षणी मला वाटलं, हेही कबूल करतो. एक चमचा घातला असता तर आई जेवली असती. रोज जेवली असती. मी ते कितीदा मनात घालून बघितलं. पण आईची पूजा चाललेली असायची, तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, आणि मी समोरच्या सोफ्यावर बसून मोबाइल चाळायचो. मला ते सोसेना. पूजेला बसलेल्या माणसासमोर गुन्हेगाराने सोफ्यावर तरी किती दिवस बसायचं?

एका शुक्रवारी सकाळी, बायको खाली भाजी आणायला गेली असताना, मी सांगितलं. चांगली तयारी केली होती. थंडी, तिचे निळे ओठ, रांग, पलीकडे गेलेली बॅग, सगळं क्रमाने. आईची बोटं लिंगाच्या वस्त्राची गाठ सोडत होती ती थांबली.

"तुला तवाच माहीत होतं?"

"हो."

"पोरीला?"

"हो."

"आणि हिला?"

"तिला आत्ता सांगितलं. परवा."

मला वाटलं होतं ती रागावेल, रडेल, निदान मला घराबाहेर काढेल, जरी घर माझंच असलं तरी. ती म्हणाली, "बरं." उठली, आंघोळ झालेली असताना पुन्हा आंघोळीला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. दोन दिवस तिने नुसतं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसली. बायकोने ताट वाढलं: मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, मऊ भात. आईने ताटाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आमटीत काय काय घातलंस गं?"

बायकोने सांगितलं. मूग, हळद, जिरं, कोथिंबीर.

"फोडणी कशाची?"

"तेलाची, आई. नेहमीचीच."

"भाजीत?"

जी बाई वर्षभर आईसाठी रोज नवा पदार्थ करत होती, तिला आई आता रोज, प्रत्येक वाटीला, हे विचारते. तक्रार म्हणून नाही. सरकारी कामासारखं, एकेक करून. उत्तर ऐकते, मान डोलावते, आणि ताट बाजूला सारते. स्वतः उठून, स्वतः धुतलेल्या भांड्यात चार घास ताकभात कालवते. कधी तीन. शेवयांच्या आमटीचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालेलं नाही. गेल्या आठवड्यात क्लिनिकमध्ये वजन केलं, तर डॉक्टरने काट्याकडे बघून माझ्याकडे नुसतं बघितलं. हिंदीत ओरडलासुद्धा नाही.

घरी आल्यावर बायको ओट्यापाशी उभी होती. आईच्या ताटातली भाजी डब्यात काढत होती. मी म्हणालो, "खोटं फार दिवस ठेववलं नसतं गं मला. एकदा तिला खरं सांगायला हवंच होतं."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगितलंत ना?" ती म्हणाली. "मग आता त्यांना काय घालू, तेही तुम्हीच सांगा."