काम उद्याचं होतं

"गतीची समीकरणं हिंदी बोलतात." हे वाक्य माझे जुने विद्यार्थी अजून माझं म्हणून सांगतात. ते माझं नाही. हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळणार नाही. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

वाक्य होतं आमच्या एसी मेकॅनिकचं. सौदीत, दम्मामच्या एका भारतीय शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवायचो. तो चिपळूणकडचा, कामगारांच्या कॅम्पात राहणारा, दहावी नापास. शिडीवर उभा राहून माझा तास ऐकायचा.

एकदा मी मुलांना सांगितलं, गतीच्या नियमांना भूत-भविष्य कळत नाही; काळ उलटा फिरवला तरी समीकरण तेच. तास संपल्यावर तो खाली उतरला आणि ते वाक्य बोलला.

"म्हणजे?"

"कल म्हटलं की काल पण नि उद्या पण. माझा एसी मराठी बोलतो. गरमी आपणहून आत येते, बाहेर काढायला कॉम्प्रेसर लागतो. तिथं काल वेगळा, उद्या वेगळा."

"अरे, काळाची दिशा यातूनच ठरते, असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात."

"मग आम्हाला विचारायचं होतं त्यांनी."

पुढे प्रयोगशाळेतला एसी बिघडला. "पार्ट उद्या येतोय, उद्या बसवतो. तोवर चालू करू नका," त्याने बजावलं. मुलं घामाघूम झाली होती. मी तासापुरता चालू केला आणि कॉम्प्रेसर जळला.

त्याच्या कंपनीचा सुपरवायझर लखनौचा. तो याच्यावर ओरडू लागला. हा शांतपणे म्हणाला, "मैंने मना किया था. सर से पूछो."

"सर, इसका काम कब का था?"

"कल का," मी म्हणालो.

सुपरवायझरने 'काल' असं धरलं आणि अहवालात कामचुकार म्हणून लिहिलं. मला ते दिसत होतं.

"माफी लिख दे, बात खलास," सुपरवायझर त्याला म्हणाला.

"जो किया नहीं, उसकी माफी नहीं." मग तो माझ्याकडे वळला. "सर, मराठीत सांगा. काल की उद्या?"

मी फळा पुसायला लागलो. पंधरा दिवसांत कंपनीने त्याचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द करून त्याला कायमचं घरी पाठवलं. त्याचं वाक्य मात्र मी प्रत्येक वर्गात वापरलं.

त्याचा नंबर माझ्या वहीत होता. उद्या करू फोन, म्हणत राहिलो. गेल्या वर्षी केला. त्याच्या बायकोने उचलला.

"हे गेले. दोन वर्षं झाली. काय काम होतं?"

उद्याचं होतं. एवढे दोनच शब्द. तेव्हाही तोंडातून निघाले नाहीत.